खनिज ब्लॉक लिलावासाठी सुचवायचा आहे? पात्रता, जीएसआयची माहिती आणि कागदपत्रं

लिलावात उतरायची तयारी असलेली व्यक्ती किंवा कंपनी स्वतःहून राज्य सरकारला खनिज ब्लॉक सुचवू शकते. २०१५ च्या खनिज-पुरावा नियमांत आणि खनिज लिलाव नियमांत डिसेंबर २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून ही सोय आहे. ती फक्त कम्पोझिट लायसन्ससाठी, म्हणजे आधी पूर्वेक्षण (खनिजाचा प्रत्यक्ष शोध) आणि खनिज सिद्ध झालं तर खाणपट्टा (खाण चालवण्याचा हक्क), अशा संमिश्र परवान्यासाठी आहे. राज्याने नेमलेली समिती उपलब्ध भूवैज्ञानिक माहितीवरून त्या क्षेत्रात खनिजाची शक्यता आहे का ते तपासते. शिफारस झाली तर ब्लॉक लिलावात जातो.

सुचवणाऱ्याला मिळतं काय? त्याच ब्लॉकच्या लिलावात बोलीची अनामत रक्कम निम्मी भरावी लागते. बस, एवढंच. ब्लॉकवर हक्क मिळत नाही, बोलीत प्राधान्य नाही, दुसऱ्याने लावलेली बोली जुळवून ब्लॉक घेण्याची मुभाही नाही. शिवाय ब्लॉक जाहीर झाला की जागा आणि खनिज सगळ्या स्पर्धकांना कळतं. स्वतः बोली लावणार नसाल तर या वाटेला जाण्यात अर्थ नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कोणाकडे काय असतं

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, म्हणजे जीएसआय, ही १८५१ मध्ये कोळशाच्या शोधासाठी सुरू झालेली संस्था. मुख्यालय कोलकात्याला, मध्य क्षेत्राचं कार्यालय नागपूरला. ती नकाशे करते, नमुने तपासते, खनिजसाठ्याचा प्राथमिक अंदाज देते. परवाना मात्र देत नाही. जीएसआयच्या नावाने खाणपट्ट्याचा अर्ज लिहिणारे आजही भेटतात, तो अर्ज वाया जातो. परवाना आणि पट्टा राज्य सरकार देतं. महाराष्ट्रात हे काम नागपूरच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयामार्फत चालतं. खाणकाम आराखड्यांवर देखरेख आणि खनिजांच्या सरासरी विक्री किमती जाहीर करणं हे भारतीय खाण ब्युरोचं काम; त्याचंही मुख्यालय नागपुरातच.

खनिज कोणत्या गटातलं, हे सगळ्यात आधी पाहा. वाळू, मुरूम, बांधकामाचा दगड ही गौण खनिजं. त्यांचे नियम राज्याचे वेगळे आहेत आणि ही प्रक्रिया त्यांना लागू नाही. कोळशाच्या लिलावाचे नियम वेगळे. अणुखनिजांचं तंत्रही निराळं. ऑगस्ट २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर लिथियम, ग्रॅफाइट, निकेल, कोबाल्ट, व्हॅनेडियम, टंगस्टन यांसह २४ महत्त्वाच्या खनिजांचे लिलाव केंद्रीय खाण मंत्रालय करतं. परवाना देणारं आणि लिलावाचा महसूल घेणारं मात्र राज्यच. यांपैकी एखादं खनिज मनात असेल तर मंत्रालयाच्या लिलावांच्या याद्या आधी चाळा, तोच भूभाग तिथे आलेला असू शकतो. जुन्या याद्यांवरही विसंबू नका: क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक आणि बराइट ही २०१५ पासून गौण होती, फेब्रुवारी २०२५ मध्ये ती पुन्हा प्रमुख खनिजांत आली.

पात्रता

खाण व खनिज (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ च्या कलम ५ प्रमाणे परवाना भारतीय नागरिकाला किंवा कंपनी कायदा, २०१३ खाली नोंदलेल्या कंपनीला मिळतो. भागीदारी संस्था असेल तर सगळे भागीदार भारतीय नागरिक हवेत. लिलावाच्या वेळी निव्वळ मालमत्तेची अट येते आणि ती प्रत्येक ब्लॉकच्या निविदापत्रात दिलेली असते. ब्लॉक सुचवताना ही अट आडवी आली नाही, तरी पुढे त्याच अटीवर बाद झालात तर आधीची मेहनत स्पर्धकाच्या कामी येते. म्हणून चार्टर्ड अकाउंटंटकडून आकडा आधी काढून घ्या आणि त्याच राज्यातल्या तशाच खनिजाच्या आधीच्या निविदापत्राशी ताडून पाहा.

किती पुरावा पुरतो

अन्वेषणाचे, म्हणजे खनिज शोधण्याच्या कामाचे, चार टप्पे आहेत: जी४ म्हणजे टेहळणी सर्वेक्षण, जी३ प्राथमिक, जी२ सर्वसाधारण आणि जी१ तपशीलवार. आकडा उतरतो तशी खात्री वाढते. २०२१ पासून कम्पोझिट लायसन्सच्या लिलावाला जी४ पातळी पुरते. तुमच्या प्रस्तावाला एवढंच दाखवायचं असतं की खनिज इथे असण्याला भूवैज्ञानिक आधार आहे. साठा किती टन, हे सिद्ध करायचं नसतं, आणि आधाराशिवाय टनांचे आकडे टाकले की समितीचा विश्वास उडतो.

पुरावा जमवायला शेतात किंवा डोंगरावर भोकं पाडू नका. परवान्याशिवाय पूर्वेक्षण हा कलम ४ चा भंग आहे. कलम २१ खाली त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नियमाला उपलब्ध माहितीच अपेक्षित आहे, आणि ती मुबलक आहे.

माहिती कुठून घ्यायची आणि वाचायची कशी

डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडार, म्हणजे एनजीडीआर पोर्टल, आणि जीएसआयचं भूकोश पोर्टल हे दोन मुख्य स्रोत. १:५०,००० प्रमाणावरचे भूवैज्ञानिक नकाशे, भूरासायनिक आकडे, गुरुत्व आणि चुंबकीय सर्वेक्षण, जुने अन्वेषण अहवाल हे सगळं तिथे सापडतं. आधी तुमच्या क्षेत्राची टोपोशीट, म्हणजे भूरूपाच्या नकाशाचं पान, शोधा. १:५०,००० ची एक शीट १५ मिनिटं अक्षांश गुणिले १५ मिनिटं रेखांश एवढी, म्हणजे साधारण ७०० चौरस किलोमीटरची असते. शेजारच्या शीटाही उतरवून घ्या, कारण खडकाचा पट्टा शीटच्या कडेला थांबत नाही.

बहुतेक प्रस्ताव फसतात ते भूरासायनिक आकडे वाचताना. राष्ट्रीय भूरासायनिक मानचित्रणात १ किलोमीटर × १ किलोमीटरच्या चौकटीतून ओढ्याच्या गाळाचा नमुना घेतात आणि अशा चार चौकटींचे नमुने एकत्र करून तपासतात. म्हणजे नकाशावरचा एक आकडा ४ चौरस किलोमीटरची सरासरी सांगतो. त्या ठिपक्याखाली धातू आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. आणि गाळ वाहून येतो. जास्त आकडा जिथे दिसतो त्याचा उगम पाणलोटाच्या वरच्या अंगाला असतो. नमुन्याच्या ठिपक्याभोवती चौकोन आखून ब्लॉक सुचवला तर खनिज असलेला डोंगरच ब्लॉकच्या बाहेर राहतो! ओढ्याचं पाणलोट क्षेत्र आखा, त्यात कोणता खडक आहे ते नकाशावर पाहा, मगच सीमा ठरवा.

दुसरी चूक आपल्याकडची खास. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग दख्खनच्या बेसॉल्टने झाकलेला आहे, आणि बेसॉल्टमध्ये तांबं, व्हॅनेडियम, टायटॅनियम मुळातच जास्त असतं. ग्रॅनाइटी भूभागात नजरेत भरेल असा तांब्याचा आकडा बेसॉल्टवर रोजचाच असतो. आकडा त्याच खडकाच्या पार्श्वभूमी पातळीपेक्षा किती वर आहे, हे प्रस्तावात लिहायला हवं. नुसता पीपीएमचा (दहा लाखांत किती भाग) आकडा काहीच सांगत नाही. जांभ्याच्या पठारांवर लोह, ॲल्युमिनियम, क्रोमियम वरच्या थरात साठतात, तिथेही हीच काळजी घ्या.

हवाई चुंबकीय सर्वेक्षणात विमानाच्या उड्डाणरेषांमध्ये ३०० मीटरचं अंतर असतं आणि उंची जमिनीपासून सुमारे ८० मीटर. त्याहून लहान किंवा अरुंद खनिजपिंड निसटू शकतो. उलट, लांबच लांब सरळ चुंबकीय रेघ बहुतेकदा डाइक, म्हणजे भेगेत घुसून थिजलेल्या शिलारसाची भिंत, असते. शेजारी खनिजाची दुसरी खूण नसेल तर तिच्यावर ब्लॉक उभा करू नका.

सीमा आणि कागदपत्रं

ब्लॉकच्या प्रत्येक कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस८४ (जीपीएस वापरतं त्या) पद्धतीत, घड्याळाच्या दिशेने क्रमांक लावून, तक्त्यात द्या. केएमएल किंवा शेप फाइल (सीमेचा संगणकीय नकाशा) जोडा आणि ती उघडून पाहा, कारण शेवटचा बिंदू पहिल्याला जुळलेला नसतो, हे नेहमी घडतं. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट या अक्षांश-रेखांश मोजण्याच्या जुन्या पद्धतीच्या आहेत. त्यांवरून थेट उचललेले बिंदू जमिनीवर शंभर मीटरहून जास्त सरकतात आणि तेवढ्याने ब्लॉक शेजारच्या खाणपट्ट्यात घुसतो. क्षेत्रफळ हेक्टरमध्ये लिहा. तक्त्यातलं, नकाशावरचं आणि फाइलमधलं एकच हवं.

सोबत अर्जाचं पत्र, नागरिकत्वाचा पुरावा किंवा कंपनीची नोंदणी कागदपत्रं, कंपनी असेल तर सहीचे अधिकार देणारा संचालक मंडळाचा ठराव, गाव-तालुका-जिल्हा आणि शक्य तिथे गट क्रमांक असलेला स्थाननकाशा, भूवैज्ञानिक नकाशा आणि खनिज-शक्यतेची टिपणी द्या. टिपणी पंधरा-वीस पानांची पुरते, पण तीत प्रत्येक आकड्यापुढे अहवालाचं नाव, वर्ष आणि शीट क्रमांक लिहा. ती भूवैज्ञानिकाने लिहून सही केलेली असावी. सल्लागार नेमायचा असेल तर क्यूसीआय-नॅबेटची (भारतीय गुणवत्ता परिषदेच्या मान्यता मंडळाची) मान्यता असलेली अन्वेषण संस्था पाहा.

जमिनीची स्थिती वेगळ्या पानावर मांडा: वनक्षेत्र, अभयारण्य, पाचव्या अनुसूचीतली (राज्यघटनेने ठरवलेल्या आदिवासी क्षेत्रांतली) गावं, चालू किंवा संपलेले पट्टे, सरकारने राखून ठेवलेली क्षेत्रं. जीएसआयच्या त्या वर्षीच्या क्षेत्रकार्यक्रमात तो भूभाग आहे का, तेही विचारून घ्या. तिथे आधीच काम चालू असेल तर समिती अहवालाची वाट पाहणं पसंत करू शकते. अभयारण्याला लागलेला कोपरा आधीच कापून टाका, सगळा प्रस्ताव त्याच्यापायी अडकवू नका. अर्ज दिल्यावर आवक क्रमांक असलेली पोच घ्या, कारण निम्म्या अनामतीच्या सवलतीसाठी ब्लॉक तुम्ही सुचवला होता हे दाखवावं लागेल.

लिलाव आणि त्यानंतर

लिलाव ऑनलाइन होतो. खनिजाच्या मूल्याची किती टक्के रक्कम सरकारला देणार, यावर बोली असते. पहिल्या फेरीत तांत्रिकदृष्ट्या पात्र बोलीदार तीनपेक्षा कमी भरले तर लिलाव रद्द होतो. पुन्हा लिलाव पुकारला की, म्हणजे दुसऱ्या प्रयत्नात, तीनपेक्षा कमी असले तरी प्रक्रिया पुढे नेता येते. पहिल्या फेरीतली सर्वोच्च बोली ही दुसऱ्या फेरीची किमान किंमत ठरते. हा टक्का पुढे खाण ब्युरोच्या जाहीर किमतीवर मोजला जातो आणि रॉयल्टी त्याशिवाय भरावी लागते. जी४ ब्लॉकवर भरमसाठ टक्के लावणारे नेमका हाच हिशेब विसरतात.

परवाना मिळाला की पूर्वेक्षण निदान जी२ पर्यंत न्यावं लागतं. तिथवर खनिज सिद्ध झालं नाही तर खाणपट्टा मिळत नाही, आणि भोकं पाडण्यावर झालेला खर्च बोलीदाराचाच असतो.