शाडूची मूर्ती : ‘मन रमलं की जमलं’ हे खरं नाही

‘मूर्ती घडवताना मन रमलं की ती आपोआप चांगली होते,’ असं गणपतीच्या आधी हमखास ऐकू येतं. तसं होत नाही. मन रमतं सोंड-डोळे कोरताना. मूर्ती टिकते शाडूची माती मळण्यावर. त्याचा कंटाळा आला म्हणजे आवड नाही, असं मुळीच नव्हे. मळलेला गोळा तारेने कापा. आत हवेची छिद्रं दिसली तर पुन्हा मळा. मूर्तीचा हात धडाला जोडताना दोन्ही बाजूंना चरे पाडून शाडूचीच पातळ राबडी, म्हणजे पाण्यात कालवलेली माती लावा. नुसत्या पाण्याने चिकटवलेला हात सुटतो, कारण बारीक हात लवकर आकसतो, जाड धड सावकाश. म्हणून सोंड, बोटं ओलसर फडक्याने झाका, मूर्ती सावलीतच वाळवा. तळ गालाला गार लागतोय तोवर रंग नको. आतली ओल रंगाचे पोपडे काढते.