केशरी कार्डावरचा शेतकरी: धान्य की खात्यात पैसे? पात्रता, कागद आणि अर्ज

छत्रपती संभाजीनगर विभागातले आठ जिल्हे, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा, अशा 14 जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांसाठी ही माहिती आहे. 2015 पासून या शेतकऱ्यांना माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळत होते, गहू 2 रुपये आणि तांदूळ 3 रुपये किलोने. ते बंद झाले आणि जानेवारी 2023 पासून धान्याऐवजी माणशी 150 रुपये खात्यात येऊ लागले. 2024 मध्ये ही रक्कम 170 रुपये झाली. कार्डावर पाच नावे असतील तर महिन्याला 850 रुपये.

अर्ज भरण्याआधी एक गोष्ट तपासा. 170 रुपयांत बाजारातून 5 किलो चांगला गहूसुद्धा जेमतेम येतो. अन्न सुरक्षा कायद्याच्या प्राधान्य कुटुंबाला, म्हणजे कमी उत्पन्नामुळे त्या कायद्याच्या यादीत घेतलेल्या कुटुंबाला, मात्र तेवढेच धान्य फुकट मिळते. म्हणून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागासाठीच्या 44,000 रुपयांच्या मर्यादेत बसत असेल, तर रोख रकमेवर समाधान मानू नका, प्राधान्य यादीसाठी अर्ज करा. केशरी कार्ड म्हणजे प्राधान्य यादीत नाहीच, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. कार्डाचा रंग आणि यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केशरी कार्डावरचीही कितीतरी कुटुंबे प्राधान्य यादीत आहेत. आपले कुटुंब कुठे आहे हे रेशन दुकानदार ई-पॉस यंत्रावर (धान्य देताना बोट ठेवतो ते यंत्र) 12 अंकी शिधापत्रिका क्रमांक टाकून सांगू शकतो.

प्राधान्य यादीसाठी तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिकेची प्रत आणि सर्व सदस्यांची आधार कार्डे लागतात. दाखल्यासाठी आधी तलाठ्याचा अहवाल घ्या. अडचण असते ती इष्टांकाची, म्हणजे यादीत किती लोक घ्यायचे याच्या ठरवून दिलेल्या संख्येची. ग्रामीण महाराष्ट्रात 76.32 टक्के लोकसंख्येपुरतीच जागा आहे आणि ती संख्या तालुक्यांना वाटून दिलेली असते. ‘इष्टांक शिल्लक नाही’ असे उत्तर मिळाले तरी अर्ज देऊन पोच घ्याच. मयत, लग्न होऊन गेलेल्या आणि दुबार नावांची वगळणी झाली की जागा निघते. तेव्हा ज्याचा अर्ज फायलीत आहे त्याचाच विचार होणार. तोंडी विचारून परत आलेल्याचे नाव कोणाच्या लक्षात राहणार?

आता रोख रकमेचा अर्ज. पात्र कोण? वरच्या 14 जिल्ह्यांतले, शेतकरी म्हणून नोंद असलेले, केशरी कार्ड असलेले आणि अंत्योदय (सर्वांत गरीब कुटुंबांची यादी) किंवा प्राधान्य यादीत नसलेले कुटुंब. पांढरे कार्ड चालत नाही. दोन्ही लाभ एकत्र मिळत नाहीत. छापील अर्ज रेशन दुकानात किंवा तहसीलमध्ये मिळतो. सोबत शिधापत्रिकेच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, सर्वांची आधार कार्डे आणि सातबारा जोडा. जमीन अजून सासऱ्यांच्या किंवा आजोबांच्या नावावर आणि कार्ड वेगळे, हे घरोघरी आढळते. अशा वेळी वारस नोंद किंवा फेरफाराचा उतारा सोबत असला तर पुढच्या चकरा वाचतात.

पैसे जमा होतात ते कुटुंबप्रमुख महिलेच्या खात्यात. कायद्याने घरातली 18 वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख धरली जाते. कार्डावर सासूबाई प्रमुख आणि पासबुक सुनेचे जोडले, तर अर्ज तिथेच अडकतो. सासूबाई हयात नसतील तर आधी त्यांचे नाव कमी करून प्रमुख बदलून घ्या, मग अर्ज द्या.

अर्ज मंजूर झाला तरी पैसे येत नाहीत, याचे नेहमीचे कारण बँकेत असते. खात्याला आधार जोडणे वेगळे आणि सरकारी रकमेसाठी ते खाते एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार जोडणारी संस्था) नोंदीत असणे वेगळे. एका आधारवर अशी नोंद एकाच खात्याची असते, शेवटी जिथे संमती दिली तिथली. त्यामुळे पासबुक जिल्हा बँकेचे दिलेले असते आणि रक्कम मात्र बचत गटासाठी उघडलेल्या दुसऱ्याच खात्यात पडते. चौकशी करताना बँकेत ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग कोणत्या खात्याला आहे’ असेच विचारा; डीबीटी म्हणजे सरकारी रक्कम थेट खात्यात येणे आणि सीडिंग म्हणजे त्यासाठीची ही आधार नोंद. नुसते ‘आधार लिंक आहे का’ विचारले तर ‘हो’ म्हणतील आणि तुमचा प्रश्न तसाच राहील. बरेच दिवस व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय झालेले असते, तेही सुरू करून घ्या.

रक्कम माणशी असल्याने कार्डावरचे प्रत्येक नाव आणि त्याचे आधार प्रणालीत नोंदलेले हवे. नवजात मुलाचे नाव चढवायला जन्मदाखला, नव्या सुनेसाठी माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. हा दाखला नसला की तिचे नाव दोन्हीकडे अडून बसते. धान्य घेणाऱ्या कुटुंबांनी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून प्रत्येकाच्या ओळखीची पडताळणी, दुकानात यंत्रावर बोट ठेवून किंवा मोबाइलवर ‘मेरा ई-केवायसी’ अ‍ॅपमधून चेहरा दाखवून करून घ्यावी. शेतकामाने बोटांचे ठसे झिजलेल्यांना अ‍ॅप सोयीचे. लहान मुलांचे ठसे 5 व्या आणि 15 व्या वर्षी आधार केंद्रात अद्ययावत केले नसतील तर यंत्र त्यांना ओळखत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी एवढेच, की प्राधान्य किंवा अंत्योदय कार्डाचे धान्य कारखान्याच्या गावातल्या दुकानातही घेता येते. काही सदस्य गावी राहिले असतील तर वाटा विभागूनही मिळतो. कार्ड बदलावे लागत नाही, क्रमांक आणि आधार पुरे.

दुकानदाराने धान्य नाकारले, पावती दिली नाही किंवा अर्जावर काहीच हालचाल नसेल तर 1967 या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. त्यापुढे लेखी तक्रार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे आणि त्यांच्या निर्णयावर अपील राज्य अन्न आयोगाकडे करता येते. अर्जाची पोच लागते ती नेमकी याच वेळी.