लाल दिव्यात फिल्म धुता येते?

जुना मॅन्युअल कॅमेरा हाती आला की एक सल्ला हमखास मिळतो: ब्लॅक अँड व्हाइट फिल्मला लाल उजेड दिसत नाही, त्यामुळे लाल दिवा लावून रोल खुशाल उघडा. हे ऐकू नका, रोल वाया जाईल.

सिनेमांत दिसणारा तो लाल दिवा असतो प्रिंट काढताना. प्रिंटचा नेहमीचा कागद निळ्या-हिरव्या उजेडालाच दाद देतो. फिल्मही एकेकाळी अशीच होती. फिल्मवरच्या थरातलं उजेड टिपणारं चांदीचं संयुग म्हणजे सिल्व्हर हॅलाइड; मुळात त्याला मुख्यतः निळा रंगच कळतो. 1873 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान फोगेल यांनी रंगद्रव्य मिसळून ती संवेदना हिरव्यापर्यंत नेली. 1906 च्या सुमारास लाल रंगही टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा (फिल्मसारखाच थर दिलेल्या फोटोच्या काचा) बाजारात आल्या. आजची एचपी 5 किंवा ट्राय-एक्स ही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म त्याच जातीची.

पुरावा हवा तर लेन्सवर लाल फिल्टर लावा. आकाश गडद होतं, पण फोटो येतोच. लाल उजेड फिल्मला दिसत नसता, तर काहीच उमटलं नसतं.

म्हणून रोल धुण्याच्या बंद टाकीत भरताना मिट्ट काळोखच हवा. झाकण बसलं की दिवा लावायला हरकत नाही. अपवाद ऑर्थोक्रोमॅटिक, म्हणजे लाल रंग न दिसणाऱ्या फिल्मचा, तिला योग्य लाल दिवा चालतो. पण आधी डबीवर वाचा.

जुन्या फोल्डिंग कॅमेऱ्यांच्या पाठीवरची आकडे बघायची लाल खिडकीही फिल्मला लाल दिसत नसे त्या काळातली. आजची फिल्म घातलीत तर ती झाकून ठेवा, आणि आकडा बघायला सावलीतच उघडा.