बोटुकली तोंड वर काढतेय: ऑक्सिजन पाण्यात नाही की रक्तात?

शेततळ्यावर रोहू-कटल्याची बोटुकली (बोटभर लांबीची पिल्लं) आ वासून पाण्यावर आलेली दिसली, की पहिला हात पंपाच्या बटणाकडे जातो. बऱ्याचदा ते बरोबरच असतं. पण असंच दिसणारं दुसरं दुखणं आहे, आणि त्यावर नुसता पंप पुरत नाही.

खरा तुटवडा वेळ पाळून येतो. दिवसा पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन तयार करतं. रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ तो संपवतात. म्हणून पहाट सगळ्यात वाईट. ऊन चढलं की मासे खाली जातात. लागोपाठ ढगाळ दिवस आले तर मात्र दिवसाची भरपाईच होत नाही. उन्हाळ्यात कोंडी दुहेरी असते: २५ अंशांना लिटरभर पाण्यात साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात, आणि माशाची गरज मात्र वाढलेली. बोटुकलीला तर वजनाच्या मानाने मोठ्या माशापेक्षा जास्तच लागतो.

आता दुसरं. दुपारची वेळ, पाण्यात हवा मिसळणारा एरेटर फिरतोय, ऑक्सिजनचा मीटर लिटरला ६ मिलिग्रॅम दाखवतोय, तरी मासे वरच. अशा वेळी एक जिवंत मासा धरून कल्ला उघडा. लालऐवजी तपकिरी दिसला, तर संशय नायट्राइटवर. उरलेली पेंड आणि विष्ठा यांतून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. त्याचं पुढे नायट्रेट करणारे जिवाणू नव्या तळ्यात उशिरा जम बसवतात, तोवर नायट्राइट साचतं. ते रक्तात शिरलं की हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. पाण्यात भरपूर, अंगात नाही.

यावर उतारा खडेमिठाचा. मिठातलं क्लोराइड आणि नायट्राइट कल्ल्यातल्या एकाच वाटेने आत शिरतात. क्लोराइडची गर्दी वाढली की नायट्राइटला जागा उरत नाही. पाण्यात नायट्राइटच्या निदान दहापट क्लोराइड हवं. १० लाख लिटरच्या तळ्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम क्लोराइड वाढवायला साधारण १७ किलो मीठ लागतं. ते विरघळवूनच टाका आणि खाद्य बंद ठेवा.

काही झालं की चुना टाकायची सवय मात्र इथे महागात पडते. चुन्याने सामू (पीएच) वाढला की पाण्यात उरलेला अमोनिया आणखी विषारी होतो. पंप चालूच असू द्या, त्याने नुकसान नाही. फक्त कल्ले पुन्हा लाल दिसेपर्यंत जाळं ओढू नका.