गुळवेल: आधी कापून बघा, मग उकळा

ग्वाल्हेरात जानेवारीचं धुकं उतरलं की लष्कर भागातल्या मराठी घरांतही सर्दीवरच्या काढ्यासाठी 'नीम-गिलोय'ची चौकशी सुरू होते. नीम-गिलोय म्हणजे कडुनिंबावर चढलेली आपली गुळवेल. निंबावरची सरस मानतात, ते असो. हाती आलेली वेल गुळवेलच आहे ना, हा प्रश्न त्याहून मोठा.

अंगठ्याएवढं जाड कांडं घ्या. वरची साल कागदासारखी पातळ असते, नखाने ओढली की सुटते आणि खाली हिरवं दिसतं. विळीवर आडवी चकती कापली की आत चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा उमटतात. 'चक्रलक्षणा' हे तिचं संस्कृत नाव त्यावरूनच पडलं. बारीक पुटकुळ्या गुळवेलीवरही असतात, पण कांडंभर ठसठशीत गाठी हाताला लागल्या तर ती बहुधा तिची चुलतबहीण, टिनोस्पोरा क्रिस्पा. ही घेतल्यावर यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. ती फेकून द्या.

एका माणसाला ओलं कांडं 20 ते 25 ग्रॅम पुरतं, म्हणजे साधारण चार बोटं लांबीचं. ओली वनस्पती वाळलेलीच्या दुप्पट घ्यावी हा नियम जुना आयुर्वेद-ग्रंथकार शार्ङ्गधर याने गुळवेलीला लावलेला नाही, त्यामुळे 'ताजी आहे, जरा जास्त टाकू' हे चुकीचं. कागदी साल काढा, खलबत्त्यात ठेचा आणि स्टीलच्या पातेल्यात 400 मिली पाणी घालून, झाकण न ठेवता, मंद आचेवर 100 मिली उरेपर्यंत आटवा. नुसत्या चकत्या टाकल्या तर अर्क नीट उतरत नाही. आच मोठी ठेवली तर पाणी आटतं, कांडं मात्र कच्चंच राहतं. काढा रोज ताजा करा. पिष्टामुळे शिळा लवकर आंबतो.

गुळवेलीतली अरॅबिनोगॅलॅक्टन ही बहुशर्करा प्रयोगशाळेत मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या भक्षक पेशींना चेतवते. ॲलर्जीच्या सर्दीच्या 75 रुग्णांवर झालेल्या, 2005 साली प्रसिद्ध झालेल्या आठ आठवड्यांच्या चाचणीत शिंका आणि नाक वाहणं कमी झालं. पण ती ॲलर्जी होती. विषाणूची सर्दी काढ्याने अडते, असं त्यावरून म्हणता येत नाही.

शिवाय पेशी चेतवणं सगळ्यांनाच मानवत नाही. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. त्यांतल्या काहींत स्वप्रतिकाराची, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटल्याची लक्षणं होती. आयुष मंत्रालयाने उलट विचारलं, वेल नक्की कोणती होती? दोन्ही मुद्दे धरून चालावं. आमवात, सोरायसिस, स्वप्रतिकाराचा थायरॉइड, यकृताचा आजार, अवयवरोपणानंतरची औषधं किंवा गरोदरपण असेल तर हा काढा नकोच. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर खाली जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांना आधी विचारा. बाकीच्यांनीही आठ-पंधरा दिवसांत थांबावं, हिवाळाभर चहासारखा पिऊ नये.

भूक मेली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळट दिसले तर काढा त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जा. यकृताच्या तपासण्या ते सांगतीलच. उरलेलं कांडं मात्र पिशवीत घालून सोबत न्या.