डिपरचा हिशेब

आपल्या गाडीचा हेडलाइट अधू आहे हे इंदूर शहरात कळतच नाही. राजवाड्यापासून सराफ्यापर्यंत मध्यरात्रीही एवढा लखलखाट असतो की दिवा नसला तरी भुट्ट्याचा कीस खाऊन माणूस सुखरूप घरी पोहोचेल. (एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, तो बंद करायची सोयच नाही, ही गोष्ट वेगळी.) खरी परीक्षा खंडवा रस्त्यावर तेजाजी नगर मागे पडलं की सुरू होते.

श्रावणात दुचाकीवर ओंकारेश्वरहून परतत होतो. चोरल मागे टाकून भेरू घाट चढायला लागलो, मागे मामा. पाऊस नुकताच थांबलेला. "अरे, म्हैस!" मामा ओरडले. साठी ओलांडलेल्या, जाड भिंगाच्या माणसाला मागच्या सीटवरून जे दिसलं ते मला पुढे बसून दिसलं नव्हतं. म्हैस रस्त्याच्या मधोमध, आमच्याकडे पाठ करून निवांत बसली होती. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली, तीही घाटात वेग कमी होता म्हणून.

घरी येऊन हिशेब मांडला. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. समोर काहीतरी आहे हे डोळ्याला दिसून, मेंदूला पटून, हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात २५ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर बरा ब्रेक लागला तर पुढे आणखी २८. एकूण ५३ मीटर. हाच हिशेब ८० च्या वेगाला ८३ मीटरवर जातो, कारण ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. आता दिवा. तो जमिनीपासून ८० सेंटीमीटरवर आहे आणि डिपरचा, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून खाली वळवलेला, झोत दर मीटरला दीड सेंटीमीटर खाली उतरतो, असं समजा. म्हणजे साधारण ५३ मीटरवर तो रस्त्याला टेकतो. चांगल्या, नीट लावलेल्या डिपरवरसुद्धा साठचा वेग ही अगदी काठावरची गोष्ट आहे, आणि माझा डिपर कुठे टेकत होता देव जाणे.

त्यात ओला रस्ता. कोरडं डांबर खरबरीत असतं, पडलेला उजेड चहूकडे विखुरतं आणि त्यातला थोडा आपल्याकडे परत येतो. रस्ता दिसतो तो त्या परतलेल्या उजेडामुळे. पाण्याचा पातळ थर खळगे भरून टाकतो, रस्त्याचा आरसा होतो आणि आपला उजेड पुढेच घसरत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. काळी म्हैस तर पडलेला उजेड जवळजवळ गिळूनच टाकते. तोंड आमच्याकडे असतं तर डोळे चमकले असते, कारण गुरांच्या डोळ्यांत पडद्यामागे उजेड परतवणारा एक थर असतो. पाठीला असली सोय नाही.

दुसऱ्या दिवशी मी तेच केलं जे सगळे करतात. बाजारातून एलईडी बल्ब आणला. खोक्यावर ल्युमेनचा, म्हणजे उजेडाच्या मापाचा, आकडा एवढा मोठा की नेहरू स्टेडियम उजळावं. जुना बल्ब काढला, नवा त्याच होल्डरमध्ये बसवला. अंगणात पांढराशुभ्र उजेड पाहून मी खूश. रस्त्यावर मात्र समोरून येणारा प्रत्येक जण मला अपर-डिपर मारायला लागला, दोघांनी तर शिव्याही दिल्या. आणि मला स्वतःला लांबचं पूर्वीपेक्षा कमी दिसत होतं. चाकासमोरचा चार-पाच मीटरचा पट्टा इतका झगझगीत की डोळे त्यालाच सरावले, पुढे काळोख.

दोष एलईडीचा नव्हता, जागेचा होता. आपल्या गाड्यांतल्या जुन्या धाटणीच्या हॅलोजन बल्बमध्ये दोन तारा असतात. एक अपरची, म्हणजे लांबच्या उजेडाची, ती डूमच्या, म्हणजे आतल्या चकचकीत वाटीच्या, नाभीपाशी, जिथून निघालेला उजेड वाटीवर आपटून सरळ समोर जातो. दुसरी डिपरची, नाभीच्या किंचित पुढे, आणि तिच्या खाली पळीच्या आकाराचा एक इवलासा पत्रा. हा पत्रा डिपरचा उजेड वाटीच्या खालच्या अर्ध्यावर पडूच देत नाही. वरच्या अर्ध्यावर आपटलेला उजेड खाली वळतो, म्हणून समोरच्याचे डोळे वाचतात. कारागिरी सगळी त्या पत्र्यात आणि तारेच्या जागेत आहे. वाटीची नाभी पृष्ठभागापासून २५ मिलिमीटरवर असेल आणि उजेडाचा उगम १ मिलिमीटर सरकला, तर किरण पंचविसाव्या हिश्शाने वाकडा जातो. म्हणजे २५ मीटरवर सुमारे १ मीटर. जाड पट्टीच्या दोन बाजूंना चिप चिकटवलेला एलईडी बल्ब तारेची जागा इतकी अचूक घेईल, ही अपेक्षाच जास्त आहे. चिपसाठीच मुद्दाम भिंग आणि वाटी घडवून कारखान्यातून आलेला एलईडी हेडलाइट ही वेगळी जात, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

मी बल्ब काढला. मग मोह झाला जास्त वॅटचा. माझ्या गाडीत ३५ वॅटचा एचएस१ जातीचा बल्ब होता, डिपरवर सुमारे ५०० ल्युमेन. मोठ्या गाड्यांतला एच४ डिपरवर ५५ वॅट खातो आणि सुमारे १००० ल्युमेन देतो. पण तो जास्त करंट ओढतो, बारीक वायर तापते, प्लास्टिकचा डूम पिवळा पडतो.

आमच्या वायरिंगवाल्या भैयाने बल्बला हात लावण्याआधी मल्टीमीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर १२.२. "भैया, माल तो ठीक है, करंट ही नहीं पहुँच रहा." मधले १.७ व्होल्ट जुन्या स्विचमध्ये, वायरींच्या गंजलेल्या जोडात (कपलरमध्ये) आणि ढिल्या अर्थिंगमध्ये जिरत होते. एवढ्याशाने काय होतं, असं वाटेल. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. तार थोडी कमी तापली की उजेड नुसता कमी होत नाही, तांबूसही होतो. गणित केलं तर मला मिळायला हवा त्यातला एक तृतीयांशाहून जास्त उजेड वायरीतच मरत होता. भैयाने बॅटरीपासून फ्यूज टाकून थेट जाड वायर आणली, मधे रिले, म्हणजे इशाऱ्यावर चालणारा स्विच, बसवला, अर्थिंगचा जोड घासून कसला. आता जुना स्विच फक्त रिलेला इशारा देतो, दिव्याचा भार त्याच्यावर नाही. होल्डरवर १३.६ व्होल्ट आले. तोच बल्ब, उजेड जवळजवळ दीडपट. किंमत एवढीच की बल्ब लवकर जाईल, कारण व्होल्टेज पाच टक्के वाढलं तर तारेचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. बल्ब स्वस्त आहे, चालेल. (मॅग्नेटोवरून, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज करणाऱ्या भागावरून, सरळ एसी घेणाऱ्या जुन्या गाड्यांना हे जमत नाही. रेस कमी केली की ज्याचा दिवा मिणमिणतो, ती गाडी त्यातली. तिथे आधी डीसी करून घ्यावं लागतं.)

राहिला झोताचा कोन. पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा चाचणी ट्रॅक आहे, आमच्याकडे लोकमान्य नगरातल्या मामांच्या घराची भिंत. सपाट जागेवर १० मीटर अंतर मोजलं, टायरची हवा बघितली, मी गाडीवर बसलो. दिव्याच्या मध्याच्या उंचीवर खडूने रेघ ओढली, तिच्याखाली १५ सेंटीमीटरवर दुसरी. डिपरच्या उजेडाची वरची कड खालच्या रेघेवर आणायची, म्हणजे तोच दर मीटरला दीड सेंटीमीटरचा उतार. केंद्रीय मोटार वाहन नियमही असंच काही मागतात: दिव्यापुढे ८ मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडे, दीड मीटर उंचीवर डोळा असेल तर तो दिपता कामा नये.

सगळं जुळल्यावर मामा म्हणाले, "मी बसून बघू का?" आणि बसले. मागचे शॉकअप तीन सेंटीमीटर दबले. दोन चाकांमधलं अंतर सव्वा मीटरहून थोडं जास्त, म्हणजे गाडीचं नाक मीटरला सव्वादोन सेंटीमीटरहून थोडं जास्त वर. दीडचा उतार संपून पाऊण सेंटीमीटरचा चढ झाला! भिंतीवरची कड सरळ वरच्या रेघेच्या वर गेली. ५० मीटरवर हा उजेड १.२ मीटर उंचीवर पोहोचतो, म्हणजे समोरून येणाऱ्या कारवाल्याच्या बरोबर डोळ्यांत. आणि त्या रात्री घाटात आमचा डिपर रस्ता सोडून झाडांचे शेंडे दाखवत होता.

"म्हणजे म्हैस माझ्यामुळे?" मामांनी विचारलं.

मी शॉकअपची स्प्रिंग दोन खाचा कडक केली आणि त्यांना पुन्हा बसायला सांगितलं.