दोउरोचे गडगे: पोर्ट वाईनच्या खोऱ्यामागचा इतिहास

पोर्तुगालच्या उत्तरेकडील पोर्तो शहरातून सुटणारी रेल्वे काही काळ आतल्या डोंगरांतून धावते, मग दोउरो नदीच्या काठाला येऊन मिळते आणि पुढे नदीची सोबत सोडत नाही. दोन्ही बाजूंचे डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी कोरलेले दिसतात आणि प्रत्येक पायरीला दगडी भिंतीचा आधार असतो. कोकणात जांभ्याचे दगड चुना-सिमेंटाविना एकावर एक रचून जो गडगा घालतात, त्याच जातीची ही भिंत आहे, फक्त ती शिस्ट नावाच्या पापुद्रेदार खडकाची आहे. युरोपात खाद्यसंस्कृती आणि वाईनच्या निमित्ताने फिरणारे पर्यटक येथे दोन दिवस राहतात, पोर्ट वाईन चाखतात, नदीतून फेरफटका मारतात आणि परततात. वाईनची चव लक्षात राहते, गडगे मात्र निसर्गदृश्याचा भाग समजून डोळ्यांआड होतात. या खोऱ्याचा इतिहास खऱ्या अर्थाने त्या गडग्यांत आहे, असे मला वाटते.

येथे मुळात माती नव्हती. पहारीने आणि पुढे सुरुंगाच्या दारूने खडक फोडायचा, मोठ्या चिपांची भिंत रचायची आणि उरलेला चुरा तिच्यामागे भरायचा, अशा रीतीने शेतजमीन तयार करावी लागली. पश्चिमेकडील मारांव पर्वत अटलांटिकवरून येणारा पाऊस अडवतो, त्यामुळे खोऱ्यात जसजसे पूर्वेला स्पेनच्या दिशेने जावे तसतशी हवा कोरडी आणि उष्ण होत जाते. ‘नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक’ अशी या भागातील म्हण आहे. शिस्टचे पापुद्रे उभे असल्याने वेलीची मुळे फटींतून खोलवर पाण्यापर्यंत पोहोचतात, एवढीच काय ती निसर्गाची मदत. बाकी सारे माणसांच्या हातांनी केले. त्या हातांत स्पेनच्या गॅलिसिया प्रांतातून मजुरीसाठी येणाऱ्यांचा मोठा वाटा होता आणि त्यांची नावे कोणत्याही बाटलीवर नाहीत.

एवढे कष्ट उपसण्यामागे इंग्लंडची बाजारपेठ होती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड आणि फ्रान्स यांचे संबंध वारंवार बिघडत गेले, फ्रेंच वाईनवर बंदी आणि जबर जकात येऊ लागली, आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी पोर्तुगालकडे मोर्चा वळवला. १७०३ च्या मेथ्युएन कराराने पोर्तुगीज वाईनवरील जकात फ्रेंच वाईनच्या तुलनेत एक तृतीयांश कमी ठरली. त्या बदल्यात इंग्लंडच्या लोकरी कापडाला पोर्तुगालची दारे उघडली. दूरच्या सागरी प्रवासात वाईन बिघडू नये म्हणून तिच्यात थोडी ब्रँडी मिसळण्याची रीत पडली. पुढे ही रीत पक्की होऊन तिचे तंत्रात रूपांतर झाले. द्राक्षांचा रस आंबत असताना, त्यातील बरीचशी साखर शिल्लक असतानाच, ७७ टक्के मद्यार्काची द्राक्ष-स्पिरिट ओतून आंबण्याची क्रिया थांबवतात. परंपरेने ४३५ लिटर रसाला ११५ लिटर स्पिरिट असे प्रमाण धरले जाते आणि त्यातून ५५० लिटरचे एक पिंप भरते. पोर्टचा गोडवा आणि तिचा कडकपणा दोन्ही या एका कृतीतून येतात.

मागणी वाढली तशी भेसळही वाढली. रंग गडद दिसावा म्हणून एल्डरबेरी या काळ्या-जांभळ्या फळाचा रस मिसळला जाऊ लागला, दोउरोबाहेरची हलकी वाईन त्याच नावाने खपू लागली आणि अठराव्या शतकाच्या मध्यास भाव कोसळले. लिस्बनमध्ये तेव्हा सेबास्तियांव जोझे द कार्व्हाल्यो इ मेलो या मंत्र्याच्या हाती कारभार होता. पुढे ‘मार्किश द पोंबाल’ या किताबाने ओळखला गेलेला हाच तो मुत्सद्दी, ज्याने १७५५ च्या भूकंपानंतर लिस्बन पुन्हा उभे केले आणि ज्याच्या सत्ताकाळात १७७४ मध्ये गोव्यातील इन्क्विझिशन, म्हणजे कॅथलिक चर्चचे धर्मन्यायालय, बंद झाले. (ते १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे संपले.) गोव्याच्या इतिहासामुळे पोंबालचे नाव ऐकलेल्या मराठी वाचकाला तो वाईनच्या इतिहासातही मध्यवर्ती आहे हे कळल्यावर नवल वाटेल.

१० सप्टेंबर १७५६ रोजी पोंबालने सनद काढून आल्तो दोउरोच्या, म्हणजे वरच्या दोउरो खोऱ्याच्या, मळ्यांसाठी एक कंपनी स्थापन केली आणि निर्यातीच्या वाईनचे क्षेत्र आखून देण्याचे काम हाती घेतले. इटलीत कियांतीची हद्द १७१६ मध्ये आणि हंगेरीत तोकायची त्यानंतर काही वर्षांनी ठरली होती, म्हणून ‘जगातील पहिले सीमांकित वाईन क्षेत्र’ हा दोउरोबद्दलचा सरसकट दावा जपून करावा लागतो. तथापि हद्द आखणे, प्रत वर्गवारीने ठरवणे, भाव बांधून देणे आणि या सर्वांवर देखरेखीसाठी एक संस्था नेमणे, हे सारे एकत्र प्रथम येथेच घडले. हद्द दाखवण्यासाठी ग्रॅनाइटचे ३३५ खांब रोवले गेले. त्यांतील अनेक आजही मळ्यांत, वाटेच्या कडेला, क्वचित एखाद्या घराच्या भिंतीत चिणलेले सापडतात. माणसाच्या उंचीच्या आसपास असलेला ओबडधोबड दगड, त्याची एकच बाजू तासून सपाट केलेली आणि तिच्यावर ‘फेइतोरिया’ हा शब्द व खाली वर्ष कोरलेले: निर्यातीस योग्य वाईन कोणत्या जमिनीत पिकते आणि कोणत्या जमिनीत नाही, याचा निवाडा या दगडाने केला. खांबाच्या एका बाजूच्या शेतकऱ्याला इंग्लंडचा भाव मिळाला, दुसऱ्या बाजूच्या शेतकऱ्याला गावच्या गुत्त्याचा.

हा कायदा मवाळ नव्हता. एल्डरबेरीची झाडे उपटून टाकण्याचे हुकूम सुटले. पोर्तो शहरात किरकोळ वाईनविक्रीची मक्तेदारी कंपनीकडे गेल्यामुळे गुत्तेवाले आणि सामान्य लोक फेब्रुवारी १७५७ मध्ये रस्त्यावर उतरले; तो उठाव चिरडून अनेकांना फासावर चढवण्यात आले. आज पोर्टच्या दर्जाचे श्रेय देताना पोंबालच्या दूरदृष्टीचे गुणगान होते आणि ते पूर्णपणे अनाठायी नाही, पण त्या दर्जाची ही किंमतही त्याच वाक्यात सांगितली गेली पाहिजे.

पिंपे डोंगरातून समुद्राकडे नेण्याची वाट नदीच होती आणि ती सोपी नव्हती. धरणांपूर्वीची दोउरो खळाळती, खडकाळ आणि पुराच्या दिवसांत उग्र असे. तिच्यासाठी ‘राबेलो’ नावाची सपाट तळाची होडी घडली: वर एक चौकोनी शीड, मागे होडीच्या लांबीला शोभेल एवढे प्रचंड सुकाणूचे वल्हे, आणि पिंपांच्या रचलेल्या थरांवरून पुढचे पाणी दिसावे म्हणून नावाड्यासाठी उंच फळ्यांचा मंच. परतीच्या प्रवासात वारा पडला की काठावरून बैल लावून होडी ओढत. वालेइरा येथील धबधब्यासारख्या प्रवाहात मे १८६१ मध्ये जोसेफ जेम्स फॉरेस्टर हा इंग्रज व्यापारी होडी उलटून बुडाला. ज्याने या नदीचा बारकाईने नकाशा काढला आणि पोर्टमधील भेसळीविरुद्ध व अति स्पिरिटविरुद्ध उघडपणे लिहिले, त्याचाच अंत या पाण्यात झाला. त्याच होडीत दोना आंतोनिया अदेलाइद फेर्रेइरा होती. तिच्या फुगीर घेरदार घागऱ्याने तिला तरंगत ठेवले, असे येथे सांगतात. रेग्वाजवळ जन्मलेल्या आणि तरुण वयात विधवा झालेल्या या बाईने (१८११–१८९६) खोऱ्यात मळ्यांमागून मळे उभे केले, संकटाच्या वर्षांत शेतकऱ्यांची न खपलेली वाईन विकत घेतली आणि हजारो हातांना काम दिले. ‘फेर्रेइरिन्या’ हे तिचे लाडके नाव आजही दोउरोत आदराने घेतले जाते.

संकटाची ती वर्षे विसरता येण्याजोगी नाहीत. १८५० च्या दशकात भुरी रोग आला आणि त्यापाठोपाठ १८६० च्या दशकात अमेरिकेतून युरोपात शिरलेला फिलॉक्सेरा हा मुळे पोखरणारा सूक्ष्म कीटक दोउरोत पोहोचला. वेली मुळांपासून वाळत गेल्या. उपाय अखेर अमेरिकेनेच दिला: तेथील रानवेलींच्या मुळांना हा कीटक फारसा बाधत नाही, म्हणून अमेरिकी खुंटावर युरोपीय वेलीचे कलम बांधायचे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला खुंटावरचे कलम ही रोजची गोष्ट आहे. तेथे लोकप्रिय असलेला डॉगरिज खुंटही मूळचा अमेरिकी आहे, मात्र आपल्याकडे तो मुख्यतः क्षार आणि पाण्याच्या ताणाला तोंड देण्यासाठी वापरला जातो. दोउरोत या पुनर्लागवडीने डोंगराचे रूपच पालटले. पूर्वीच्या पायऱ्या अरुंद, वेलींच्या एक-दोन ओळी मावतील एवढ्याच होत्या. नव्या पायऱ्या रुंद, किंचित उतरत्या आणि अधिक ओळींच्या झाल्या.

नदीकाठाने लोहमार्ग १८८० मध्ये पिन्यांव गावी आणि १८८७ मध्ये स्पेनच्या सीमेपाशी पोहोचला, तेव्हापासून राबेलोचे दिवस भरत आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगालच्या हद्दीत दोउरोवर जलपाशांसह (बोटींना वर-खाली नेणाऱ्या दारबंद कालव्यांसह) पाच धरणे झाली, खळाळ बुडाले, नदी शांत जलाशयांची माळ बनली आणि १९९० पासून सुमारे २१० किलोमीटरचा जलमार्ग पर्यटकांच्या बोटींना खुला झाला. आज राबेलो पोर्तोसमोरच्या काठावरील व्हिला नोव्हा द गायाच्या धक्क्याला वाईन कंपन्यांची नावे मिरवत उभ्या असतात आणि २४ जूनला, सांव जुआंवच्या सणाला, त्यांची शर्यत होते. उपनदी कोआवरचे धरण मात्र अर्ध्यावर थांबले. तिच्या काठच्या खडकांवर पुराश्मयुगीन माणसाने कोरलेले घोडे, रानबैल आणि रानबोकड उजेडात आले, शाळकरी मुलांपासून पुरातत्त्वज्ञांपर्यंत अनेकांनी ‘कोरीव चित्रांना पोहता येत नाही’ या घोषणेनिशी आंदोलन केले आणि १९९५ मध्ये नव्या सरकारने काम थांबवले. १९९८ मध्ये हे खोरे जागतिक वारसा यादीत आले. बांधकाम सुरू झालेले धरण चित्रांसाठी सोडून देणारा देश आदरास पात्र आहे.

पर्यटन वाढण्यामागे एक कोरडा वाटणारा कायदेबदल आहे. १९८६ पर्यंत पोर्टची निर्यात गायातील गोदामांतूनच करावी लागे. समुद्राकडील दमट, थंड हवेत वाईन मुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांपुढे डोंगरातील लहान मळेवाल्याला स्वतःची बाटली परदेशी पाठवताच येत नसे. ती अट उठली तशी मळेवाल्यांनी स्वतःची वाईन स्वतःच्या नावाने भरायला आणि पाहुण्यांना घरात उतरवायला सुरुवात केली. पोर्तोचा जुना भाग १९९६ मध्ये आणि आल्तो दोउरोचे सुमारे २४,६०० हेक्टरांचे क्षेत्र २००१ मध्ये जागतिक वारसा ठरले.

सप्टेंबर-ऑक्टोबरच्या तोडणीच्या दिवसांत काही मळ्यांत अजून ग्रॅनाइटच्या हौदात द्राक्षे पायांनी तुडवतात. हे काम उत्सवी वाटते, पण त्याला कडक शिस्त आहे. पहिले दोन तास माणसे खांद्याला खांदा लावून ओळीत उभी राहतात आणि मुकादमाच्या तालावर, जवळजवळ कवायतीसारखी, मांडीभर लगद्यात पाय उचलतात आणि रोवतात. या भागाला पोर्तुगीजमध्ये ‘कापणे’ अशा अर्थाचा शब्द आहे. त्यानंतर ‘मोकळीक’ जाहीर होते, अकॉर्डियन वाजू लागते आणि ज्याला जसे जमेल तसा तो हौदात नाचतो. साली फुटून रंग उतरावा पण बिया भरडून कडवटपणा येऊ नये, यासाठी माणसाचे पाऊल इतके योग्य ठरले की आजची यंत्रेही त्याचीच नक्कल करतात.

खोऱ्याच्या भोवतालच्या कलांकडेही प्रवाशाने थांबून पाहावे. व्हिला रियालजवळच्या बिझाल्यांइश गावात जमिनीत खणलेल्या भट्टीत मडकी भाजून शेवटी ती मातीने झाकून गुदमरवतात. हवा तुटली की मडकी काळी होतात. तत्पूर्वी गुळगुळीत गोट्याने घासून उमटवलेली नक्षी मग काळ्यावर काळी चमकते. हाती उरलेले कुंभार इतके थोडे की युनेस्कोने २०१६ मध्ये ही कला तातडीच्या संरक्षणाच्या यादीत घातली. निळ्या चित्रफरशांचे, म्हणजे अझुलेजुंचे, भाग्य अधिक बरे. पोर्तोच्या सांव बेंतो स्थानकातील सुमारे २०,००० फरशा जॉर्ज कुलासो या चित्रकाराच्या आहेत आणि पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातील, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातील प्रसंग दाखवणाऱ्या फरशाही त्याच्याच. सांव बेंतोच्या भिंतीवर उत्तर आफ्रिकेतील सेउतावरची १४१५ ची पोर्तुगीज मोहीमही आहे. त्या आरमाराला शहरातले सगळे मांस दिले आणि स्वतः आतड्यांवर भागवले, अशी आख्यायिका पोर्तोचे लोक आजही सांगतात आणि वजडीचा पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांसोबत शिजवलेला रस्सा अभिमानाने वाढतात. गोव्यात ‘पोर्ट वाईन’ म्हणून मिळणाऱ्या गोड तांबड्या वाईनचा दोउरोशी नावापलीकडे संबंध नाही, हे मात्र येथे नमूद केले पाहिजे.

पिन्यांव स्थानकाच्या भिंतीवर १९३७ च्या चित्रफरशांत तोडणी करणाऱ्या बाया, पाठीवर जड टोपल्या वाहणारे पुरुष आणि पिंपांनी भरलेल्या राबेलो दिसतात. फलाटावरून नजर उचलली की समोरच्या डोंगरावर हिरव्या मळ्यांमध्ये मधूनच करड्या पायऱ्यांचे पट्टे दिसतात. फिलॉक्सेराने वेली गेल्या आणि त्या जागी पुन्हा लागवड झालीच नाही, असे हे तुकडे आहेत. स्थानिक भाषेत त्यांना ‘मोर्तोरियो’ म्हणतात आणि त्या नावात मरणाचा उच्चार आहे. काहींत नंतर ऑलिव्ह लावले गेले, काहींत झुडपे माजली. गडगे ठिकठिकाणी ढासळले असले तरी एका पायरीवरून वरच्या पायरीवर चढण्यासाठी भिंतीतून बाहेर काढून ठेवलेल्या दगडी पट्ट्या अजून जागच्या जागी आहेत आणि त्यांवर पाय ठेवून वर जाता येते.